एक्सपान्शन मायक्रोस्कोपी: जेल चौपट फुगलं, तरी सेंट्रिओलची नऊ त्रिकुटं सुटी दिसत नाहीत

पेशीरंग:
एक्सपान्शन मायक्रोस्कोपी म्हणजे पेशी जेलमध्ये अडकवून, जेल पाण्यात फुगवून बारीक रचना मोठ्या करून बघणं. मला सेंट्रिओल बघायचा होता, म्हणजे पेशीतली छोटी नळी, जिच्या भिंतीत तीन-तीन सूक्ष्मनलिकांची नऊ त्रिकुटं असतात. रंग वाहणाऱ्या अँटिबॉडी आधी लावल्या, मग जेल बनवलं, प्रोटिनेज के या एन्झाइमनं प्रथिनं पचवली आणि जेल शुद्ध पाण्यात ठेवलं. 12 मिमी कव्हरस्लिपवरचं जेल 50 मिमीच्या आसपास गेलं, म्हणजे फुगण्यात काही कमी नाही. पण कॉन्फोकल मायक्रोस्कोपखाली ट्युब्युलिनचं (सूक्ष्मनलिका ज्या प्रथिनाच्या बनतात त्याचं) नुसतं जाड कडं दिसतंय. अडतंय कुठे, रंगवण्यात की मायक्रोस्कोपमध्ये?

जेलकर:
रंगवण्याच्या क्रमात. सेंट्रिओलचा व्यास 200 ते 250 नॅनोमीटर. त्याच्या परिघावर नऊ त्रिकुटं, म्हणजे शेजारच्या दोघांत जेमतेम 70-80 नॅनोमीटर. चौपट फुगल्यावर ते 300च्या आसपास येतं आणि कॉन्फोकलला साधारण 200-250पेक्षा जवळचे ठिपके वेगळे दिसत नाहीत. इतकी थोडी जागा हाताशी असताना प्रायमरी-सेकंडरी अँटिबॉडींची जोडी (पहिली प्रथिनाला चिकटते, रंग असलेली दुसरी पहिलीला) रंगाला ट्युब्युलिनपासून 10-20 नॅनोमीटर लांब नेते. आधी लावली की हे अंतरही जेलबरोबर ताणलं जातं आणि मधल्या फटी बुजतात.

2015 साली एमआयटीतल्या बॉयडन यांच्या गटानं हे तंत्र आणलं, तेव्हा रंग आधीच लागायचा. 2019 मध्ये जिनिव्हाहून आलेल्या यू-एक्सएम या सुधारित पद्धतीत प्रथिनं पचवत नाहीत. एसडीएस या डिटर्जंटमध्ये 95 अंश सेल्सिअसवर उलगडतात, फुगवतात आणि अँटिबॉडी त्यानंतर लावतात. दाटी सुटलेली असल्यानं ती आतपर्यंत पोचते, शिवाय तिची स्वतःची लांबी ताणली जात नाही. सेंट्रिओलसाठी मी हीच पद्धत सुचवेन, दुसरी नाही. फक्त अँटिबॉडी उलगडलेलं प्रथिन ओळखणारी हवी. वेस्टर्न ब्लॉटला (ज्या चाचणीत प्रथिनं उलगडलेलीच असतात) चालणारी आधी घेऊन बघा.

पेशीरंग:
पण अँटिबॉडी लावताना बफरमध्ये जेल आकसेल ना?

जेलकर:
आकसेल, आकसू दे. जेलच्या साखळ्यांवरचे ऋण भार एकमेकांना ढकलतात म्हणून ते फुगतं. बफरमधल्या मिठाचे आयन ते भार झाकतात. शेवटी शुद्ध पाणी दोन-तीनदा बदललं की पुन्हा पूर्ण फुगतं.

नळीखालचं:
मायक्रोस्कोपकडेही बघा. जेल म्हणजे जवळजवळ पाणीच, त्यामुळे खोलात गेल्यावर तेलात वापरायचं ऑइल ऑब्जेक्टिव्ह (भिंग) प्रतिमा बिघडवतं. पाण्यात वापरायचं वॉटर इमर्शन घ्या. उभ्या दिशेला स्पष्टता मुळातच कमी असते, म्हणून आडवे-तिरपे सेंट्रिओल सोडून द्या आणि नळीच्या तोंडाकडून, म्हणजे गोल दिसणारेच मोजा. चौपट फुगणं म्हणजे आकारमान 64 पट, तेवढा रंग विरळ होतो. अँटिबॉडी लावताना कंजुषी नको. आणि काचेला पॉलिलायसिन लावा, नाहीतर स्टॅक (वेगवेगळ्या खोलीवरच्या प्रतिमांचा संच) घेता घेता जेल सरकेल.