गटारीनंतर बंद केली, आता श्रावण सरत आला आहे

कृष्णाकाठ :
मी सांगली जिल्ह्यात एका सहकारी संस्थेत लेखनिक आहे. गेली कित्येक वर्षे रोज संध्याकाळी एक क्वार्टर आणि शनिवारी त्याहून अधिक, असा माझा क्रम होता. यंदा गटारीला मित्रांबरोबर बसलो आणि दुसऱ्या दिवसापासून दारू पूर्ण बंद केली. मी दरवर्षी श्रावण पाळतोच, त्यामुळे यात कोणाला काही नवे वाटले नाही; या वेळी मात्र पुन्हा सुरू करायचीच नाही असे मी ठरवले असून, ते पत्नीखेरीज कोणालाही सांगितलेले नाही.

सुरुवातीला हात थरथरत होते आणि घाम येत होता, ते आता थांबले आहे. पण कचेरी सुटल्यापासून जेवणापर्यंतचा वेळ जाता जात नाही, रात्री दोनच्या सुमारास जाग येते ती पहाटेपर्यंत, आणि गोड खाण्याची इच्छा इतकी होते की घरात आणलेले पेढे मी एकटाच संपवतो. मित्र ‘विसर्जन झाले की बसू’ असे आतापासूनच म्हणत आहेत. घरात पाऊल टाकले की पत्नी काहीतरी निमित्त काढून जवळ येते आणि तोंडाचा वास घेते, तेव्हा फार संताप होतो. आधीच्या एकाही श्रावणात इतका त्रास झाला नव्हता. हे असेच चालते का, आणि यातून कसे निभावावे?

जुना वारकरी :
श्रावण पाळणाऱ्याला शेवटची तारीख ठाऊक असते, म्हणून महिनाभर न पिताही त्याचे मन त्या तारखेकडे डोळे लावून निवांत असते; तुम्ही या वेळी ती तारीखच पुसून टाकली आहे, त्यामुळे जड जाणे साहजिक आहे. अशा वेळी ‘आयुष्यभर नाही’ हा हिशोब मांडूच नये. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांमध्ये आजच्या दिवसापुरते बोलतात, आणि ते संध्याकाळी सात वाजता खरोखरच कामी येते. महाराष्ट्रात या सभा मराठीतूनही भरतात. तेथे शुल्क द्यावे लागत नाही आणि कोणी पूर्ण नावही विचारत नाही.

संध्याकाळचा प्रश्न निश्चयापेक्षा पोटाचा अधिक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. दुपारी दीडला डबा खाल्लेला माणूस सहा वाजता रिकाम्या पोटी बारवरून जातो आणि मग इच्छाशक्तीला दोष देतो. कचेरीतून निघण्यापूर्वीच भाकरी, थालीपीठ, उकडलेली अंडी, जे मिळेल ते पोटभर खा. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा यांपैकी एखादे तरी तलफेच्या मागे बहुधा असते. तलफ उसळते तशी बऱ्याचदा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. तेवढा वेळ घरच्या रस्त्याऐवजी दुसऱ्या वाटेने चालत राहिलात तरी पुष्कळ झाले. मसाला शेंगदाणे आणि फरसाणही काही दिवस घरात आणू नका, आणि मित्रांच्या टेबलावर सोडा-लिंबू घेऊन स्वतःची परीक्षा पाहण्याच्या फंदात तर मुळीच पडू नका.

‘श्रावण आहे’ हे कारण लवकरच संपणार आहे. म्हणून विसर्जनाची वाट न पाहता, मित्रांपैकी जो सर्वांत समजूतदार असेल त्याला दिवसा, चहाच्या टपरीवर गाठून खरे काय ते सांगा. उरलेल्यांना तो सांगेल. आपल्याकडे बातमी अशीच पोचते.

मनोविकारतज्ज्ञ :
आपला शरीराच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचा काळ सरला आहे, परंतु इतर वाचकांसाठी हे नमूद करणे आवश्यक वाटते की रोज पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता एकदम दारू थांबवणे जिवावर बेतू शकते. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काही जणांना भास होतात, दिवस-वेळेचे भान जाते. अशा रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे लागते.

झोपेची तक्रार काही आठवडे, क्वचित काही महिनेही राहते. त्यासाठी औषधांच्या दुकानातून झोपेची गोळी परस्पर आणू नये, कारण तिचीही सवय लागते. गोड खाण्याची इच्छा या काळात नेहमी आढळते. मधुमेह नसेल तर तूर्त तिची चिंता करू नये, मात्र रक्तातील साखर आणि यकृताची तपासणी करून घ्यावी. दीर्घकाळ पिणाऱ्यांच्या शरीरात ब-१ जीवनसत्त्व कमी पडते, ते डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे. तलफ कमी करण्यासाठी नाल्ट्रेक्सोन आणि अ‍ॅकॅम्प्रोसेट ही औषधे उपलब्ध आहेत. डायसल्फिराम हे, वर दारू प्यायल्यास तीव्र त्रास घडवणारे औषध मात्र रुग्णाला पूर्ण कल्पना देऊनच द्यायचे असते. ते भाजीत कालवून चोरून देण्याचे प्रकार आपल्याकडे होतात आणि ते अत्यंत घातक आहेत. शक्तीसाठी म्हणून द्राक्षासव किंवा अश्वगंधारिष्ट घेत असाल तर तेही थांबवा, कारण आसव-अरिष्टे आंबवूनच बनवतात आणि त्यांत अल्कोहोल असते.

सल्ल्यासाठी १४४४६ हा व्यसनमुक्तीचा आणि १४४१६ हा मानसिक आरोग्याचा शासकीय दूरध्वनी क्रमांक आहे. निवासी उपचारांची गरज भासल्यास, पुण्यातील मुक्तांगणसारखे १९८६ पासून चालत आलेले केंद्रही आहे.

माईंची सून :
दादा, मी वहिनींच्या बाजूने लिहिते आहे. आमच्याकडेही हे सर्व होऊन गेले आहे. वास घेणे हा संशय वाटतो, आणि तो असतोही. पण अनेक वर्षे दाराची कडी वाजली की पावलांच्या आवाजावरून आजचा अंदाज बांधण्याची सवय लागलेल्या बाईचे नाक श्रावणाच्या सोमवारी अचानक विसरत नाही. तुम्ही आपण होऊन तिच्याशी बोलायला बसलात, की तिला निमित्त काढावे लागणार नाही. आमच्या घरी पगार काही काळ माझ्याकडे देण्याचे ह्यांनीच सुचवले होते, आणि त्याने संध्याकाळच्या निम्म्या शंका मिटल्या. वहिनींना जमल्यास अल-अनॉनच्या सभेला जाऊ द्या. ती पिणाऱ्यांच्या नातेवाइकांची सभा असते आणि तेथे तुमच्याविषयी तक्रारी करण्यापेक्षा त्यांना स्वतःविषयी बोलता येते.

कृष्णाकाठ :
सर्वांचा आभारी आहे. कपाटात अश्वगंधारिष्टाची अर्धी बाटली निघाली आणि ती मी रोज दोन झाकणे घेत होतो. ती आता मोरीत ओतली आहे. सोमवारी रक्ततपासणीला जाणार आहे. मंडळाच्या वर्गणीचा हिशोब यंदा मी मागून घेतला आहे, त्यामुळे संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर पावत्या फाडत बसावे लागेल. मित्राला अजून सांगितलेले नाही.