बाल्डर्स गेट ३ हा व्हिडिओ गेम संपवला, आता लगेच दुसरा रन घ्यावा का (म्हणजे पहिल्यापासून परत खेळावा का)? (शेवटाचे स्पॉयलर आहेत)

परवा रात्री दोनला संपला एकदाचा. १३४ तास, तेही फक्त सुट्टीच्या दिवशी बसून, त्यामुळे महिनेच्या महिने गेले. क्रेडिट्स शेवटपर्यंत बघितले आणि मग स्क्रीन बंद करून तशीच बसून राहिले.

डोक्यातून कार्लॅक, गेममधली माझी एक सोबतीण, जात नाहीये. छातीत नरकातलं इंजिन, तिथे परत गेली तरच जगणार, आणि ती पहिल्यापासून सांगत होती की मेले तरी अॅव्हर्नसला (म्हणजे त्या नरकात) परत जाणार नाही. म्हणून शेवटी मी तिचं ऐकलं आणि ती गोदीवर डोळ्यांसमोर जळून गेली. आपणच सोबत जायचा पर्याय होता, मी नाही घेतला. आता वाटतंय चुकलंच.

दुसरं म्हणजे, शेवटच्या लढाईआधीचा सेव्ह उघडून बॅग बघितली तर पन्नासच्या वर पोशन (जादूची औषधं) आणि ढीगभर स्क्रोल (एकदाच वापरायचे मंत्र) तसेच पडलेले, पुढे लागतील पुढे लागतील म्हणत एकही वापरला नाही. पार्टी, म्हणजे सोबत घेतलेली पात्रं, तीही कायम तीच: शॅडोहार्ट, अॅस्टेरियन, कार्लॅक. विल हा आणखी एक सोबती बिचारा सगळा गेम कॅम्पात उभा होता, त्याची गोष्ट काय हे मला धड माहीत पण नाही. तर लगेच परत सुरू करावा, की थांबावं?

रात्रपाळी
लाँग रेस्ट (कॅम्पात रात्रभर झोपणं) किती घेतलेस ते सांग आधी. पोशन जपणारे लोक झोपही जपतात हे माझं निरीक्षण आहे (स्वतःवरून). एका रेस्टला ४० सप्लाय (खाण्यापिण्याचा साठा) लागतात म्हणून मी पहिल्या रनमध्ये अख्ख्या अॅक्ट १ मध्ये (गेमच्या तीनपैकी पहिल्या भागात) पाच-सहा वेळाच झोपलो, आणि नंतर कळलं की कॅम्पातले बरेचसे सीन झोपल्याशिवाय येतच नाहीत. रांगेत उभे असतात, तू पुढे निघून गेलीस की काही कायमचे गेले. सप्लाय तर शेवटी शेकड्यांनी उरतात.
आणि कार्लॅकबरोबर नरकात विल पण जाऊ शकतो बरं का. म्हणजे तुझ्या दोन्ही दुखण्यांवर औषध एकच.

जुना भिडू
मी म्हणेन थांब जरा. मी यातला दुसरा भाग २००० साली आला तेव्हाचा खेळाडू, तेव्हा पार्टीत सहा जण असायचे आणि मोजकीच वाक्यं आवाजात, बाकी सगळं वाचायचं. तरी त्यातली जहेरा ही सोबतीण डोक्यात पक्की बसलेली. तर या गेमच्या अॅक्ट २ मध्ये त्या सराईच्या दारात ती वेलींनी आपल्याला जखडते ना, तिथे मी खुर्चीतून उठलोच. गोष्टीत मध्ये शंभरच्या वर वर्षं गेलीत, ती अर्धी एल्फ म्हणून टिकली, आणि मिन्स्क, तेव्हाचाच दुसरा सोबती, दगड होऊन राहिला म्हणून. त्याचा हॅम्स्टर पण आहे, अजून काय पाहिजे. तुला जमलं तर तो जुना गेम खेळून बघ, ग्राफिक्सकडे कानाडोळा करायचा, आणि मग परत इकडे ये, जहेरा वेगळीच दिसेल.

फक्त अॅक्ट १
सगळे भावुक झालेत म्हणून मी जरा उलटं बोलतो. अॅक्ट ३ लांबलाय. आपली पात्रं लेव्हल १२ ला थांबतात आणि शहर अर्धंही झालेलं नसतं, त्यापुढे एक्सपीचा (लेव्हल वाढवणाऱ्या अनुभवाच्या गुणांचा) उपयोग शून्य. माझे सात रन सुरू आहेत, संपलेला एक. त्यामुळे सुरू करायचं तर काहीतरी वेगळं घेऊन कर, डार्क अर्ज (मनात खुनी ऊर्मी असलेला तयार नायक) घे, त्याबद्दल काही वाचू नकोस. ऑनर मोडच्या (सगळ्यात कठीण पातळीच्या) नादी मात्र लागू नकोस, सेव्ह एकच असतो आणि तू पोशन जपणारी, मरशील.

(प्रश्न विचारणारी)
लाँग रेस्ट अख्ख्या गेममध्ये वीसेक असतील, म्हणजे रात्रपाळी तुझं बरोबर आहे 😑
जहेराचं वाचून जुना गेम घेऊन ठेवलाय, पण राहवलं नाही, काल डार्क अर्ज सुरू केला. विल पार्टीत, रोज रात्री झोपायचं, काहीही जपायचं नाही असं ठरवलं. गॉब्लिन कॅम्पात पोहोचल्या पोहोचल्या स्पीडचं पोशन पिऊन टाकलं, तीन टर्न (लढाईतल्या आपल्या पाळ्या) नुसता धुमाकूळ, आणि मग अंगात सुस्ती येऊन एक अख्खी टर्न हातपाय हलवता येत नाहीत हे मला १३४ तासांत माहीतच नव्हतं. मेले.