मदत हवी आहे: पेजमेकर ६.५ च्या मराठी फायली आणि लेझरजेट १०२० विंडोज ११ वर

माडीवरची

नमस्कार मंडळी,

चिपळूणला माझं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर पानं जुळवायचं, छोटं दुकान आहे. जुना विंडोज एक्सपीचा संगणक आता कधीही मान टाकेल. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेत आणि दुरुस्तीवाल्याने हात टेकलेत. नवीन मशीन घेतलंय, विंडोज ११ चं. रोजची कामं त्यावर युनिकोडमध्ये छान चालतात. अडलंय ते एका पुस्तकापाशी.

पुस्तक म्हणजे आमच्या भागातल्या जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह. एका निवृत्त शिक्षिकेने वाडीवाडीवर फिरून जमवलेला, आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो. पहिल्या आवृत्तीची अक्षरजुळणी आमच्याकडेच झाली, पेजमेकर ६.५ या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये. उरलेल्या छापील प्रती २२ जुलै २०२१ च्या पुरात गेल्या. संगणक माडीवर होता म्हणून फायली राहिल्या. बाईंचं वय आता ऐंशीच्या पुढे आहे, त्यांच्याकडे आणखी ओव्या जमल्या आहेत, आणि दुसरी आवृत्ती त्यांच्या हातात पडावी अशी माझी फार इच्छा आहे.

"नव्याने टाइप करून घे" असं बरेच जण सांगतात. ते मला नकोय. एका ओवीत 'व्हता' आहे, दुसरीत 'हुता'; कुठे 'न्हाई', कुठे 'नाय'. जिथे जसं ऐकलं तसं बाईंनी ठेवलंय आणि प्रत्येक प्रूफ त्या दृष्टीने स्वतः वाचलंय. टाइप करणारा कितीही चांगला असला तरी त्याचा हात आपोआप पुस्तकी रूपाकडे वळतो. स्कॅन करून मजकूर ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरचं तर विचारूच नका. मला तीच जुळणी, अक्षर न् अक्षर, नव्या मशीनवर हवी आहे.

आत्ताची स्थिती अशी:

पेजमेकरची मूळ सीडी आहे, पण सेटअप चालवला की 'हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही' एवढंच येतं. कंपॅटिबिलिटी मोड लावून पाहिला, फरक नाही.

फॉन्ट युनिकोडच्या आधीचे आहेत. त्यांच्या कीबोर्ड सॉफ्टवेअरला पॅरलल पोर्टवर (जुन्या प्रिंटरच्या रुंद खाचेवर) लावायचं डोंगल, म्हणजे कुलपासारखं काम करणारं छोटं उपकरण, लागतं. नव्या मशीनला तो पोर्ट नाही. यूएसबी-टू-पॅरलल केबल आणली, तिच्यावर डोंगल ओळखलं जात नाही.

तिसरं, एचपी लेझरजेट १०२०. छपाईसाठीचं ट्रेसिंग (अर्धपारदर्शक कागदावरची प्रत) मी अजून त्याच्यावरच काढते, काळेपणा मनासारखा येतो. माझ्याकडची ड्रायव्हरची सीडी एक्सपीच्या काळातली आहे.

एका पुस्तकासाठी महागडं मासिक भाड्याचं सॉफ्टवेअर परवडणारं नाही. कुठून सुरुवात करू?

सह्यगिरी

ताई, सगळ्यात आधी जुनी हार्ड डिस्क वाचवा, बाकीचं नंतर. मशीन बंद करून डिस्क काढून घ्या, यूएसबीचा आयडीई-साटा कन्व्हर्टर मिळतो त्याने नव्या मशीनला जोडा आणि अख्खी डिस्क कॉपी करा. फक्त पुस्तकाचं फोल्डर नाही. विंडोजच्या आतलं 'फॉन्ट्स' फोल्डर आणि फॉन्ट सॉफ्टवेअरचं फोल्डर हमखास घ्या. ही कॉपी हातात येईपर्यंत जुनं मशीन उगाच सुरू करू नका.

आता सेटअप का चालत नाही ते. विंडोज ११ फक्त ६४ बिटी येतं आणि ६४ बिटी विंडोजमध्ये १६ बिटी प्रोग्रॅम चालवायची सोयच नाही. त्या काळातल्या बऱ्याच सीडींवर प्रोग्रॅम ३२ बिटी असला तरी सेटअप १६ बिटी असायचा. कंपॅटिबिलिटी मोडने त्याला काही होत नाही.

सरळ रस्ता म्हणजे व्हर्च्युअलबॉक्स, नव्या मशीनच्या आत एक आभासी संगणक चालवणारा प्रोग्रॅम. फुकट आहे. त्यात तुमच्या मूळ सीडीवरून एक्सपी टाका. दोन गोष्टी लक्षात ठेवा. डिस्क कंट्रोलर आयडीई ठेवा, कारण एक्सपीच्या सीडीत साटाचा एएचसीआय ड्रायव्हर नसतो आणि सेटअपला डिस्कच सापडत नाही. आणि नेटवर्क ॲडॅप्टर बंद ठेवा. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपलाय, त्याला इंटरनेट दाखवू नका. फायली आतबाहेर करायला 'शेअर्ड फोल्डर' पुरतं, त्यासाठी आत गेस्ट ॲडिशन्स हा व्हर्च्युअलबॉक्सचाच जोडप्रोग्रॅम टाकावा लागेल.

पेठेतला

मीही डीटीपीवालाच, म्हणून डोंगलचं सांगतो. ती केबल फक्त प्रिंटरसाठी असते. विंडोजला ती 'यूएसबी प्रिंटर' म्हणून दिसते, खरा एलपीटी (पॅरलल) पोर्ट तयार होत नाही. डोंगलचं सॉफ्टवेअर थेट पोर्टच्या पत्त्यावर बोलतं, तो पत्ताच तिथे नसतो. दुसरी केबल आणून पैसे घालवू नका.

पण तुम्हाला डोंगल लागणारच आहे का, ते आधी बघा. कुलूप बहुतेक वेळा कीबोर्डला असतं. पान उघडून बघायला आणि छापायला नुसती फॉन्टची फाइल (टीटीएफ) पुरते. जुन्या डिस्कच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये तुमच्या फॉन्टच्या टीटीएफ फायली दिसल्या तर त्या नव्या एक्सपीत टाका. सॉफ्टवेअर तुम्ही विकत घेतलेलंच आहे. नव्या ओव्या तुम्ही युनिकोडमध्येच टाइप करणार, त्यामुळे जुन्या कीबोर्डवाचून काही अडत नाही.

एक मात्र सांभाळा. फाइल उघडताना पेजमेकरने 'पॅनोज फॉन्ट मॅचिंग'ची खिडकी दाखवली तर समजा एखादा फॉन्ट कमी पडतोय आणि तो त्याच्या जागी दुसराच लावतोय. तिथेच फाइल बंद करा, सेव्ह करू नका. काम नेहमी कॉपीवर.

कोणाकडे इनडिझाइन सीएस६ (पानं जुळवायचंच नंतरचं सॉफ्टवेअर) असेल तर तेही पेजमेकर ६ आणि पुढच्या फायली उघडतं. त्यानंतरच्या सीसी आवृत्त्यांतून ती सोय काढून टाकलीय.

काजळीकाठ

१०२० माझ्याकडे विंडोज ११ वर चालू आहे. सीडी बाजूला ठेवा. सेटिंग्जमध्ये प्रिंटर हाताने जोडायचा पर्याय घ्या, ड्रायव्हरच्या यादीत 'विंडोज अपडेट' हे बटण आहे ते दाबा. यादी यायला बराच वेळ लागतो, मध्ये बंद करू नका. मग एचपीखाली १०२० सापडेल.

या प्रिंटरची एक खोड माहीत असू द्या. याच्या पोटात फर्मवेअर (प्रिंटर चालवणारा आतला प्रोग्रॅम) साठवलेलं नसतं. दर वेळी चालू केला की संगणकाकडून ते घ्यावं लागतं, आणि ते पाठवायचं काम ड्रायव्हर करतो. म्हणून चुकीचा ड्रायव्हर पडला तर प्रिंटर नुसता दिवा लावून बसतो, काम पाठवलं तरी हलत नाही. लोक त्याला बिघडला समजून भंगारात देतात, वाईट वाटतं.

मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्येच जाहीर केलंय की प्रिंटर कंपन्यांचे ड्रायव्हर विंडोज अपडेटवर घेणं टप्प्याटप्प्याने थांबवणार. त्यामुळे आत्ता मिळतोय तो ड्रायव्हर उतरवून पेन ड्राइव्हवर जपून ठेवा.

मुद्रितशोधक

ताई, पुढच्या पायरीचं बोलतो. एक्सपीत फाइल उघडली की पहिलं काम जुन्या जुळणीची पीडीएफ. एक्सपीच्या यादीतला एखादा पोस्टस्क्रिप्ट प्रिंटर 'फाइल' पोर्टवर टाका, त्यावर प्रिंट द्या, आणि तयार झालेली फाइल विंडोज ११ वर घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रॅमने पीडीएफ करा. फॉन्ट आत एम्बेड झालाय ना ते पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये बघून घ्या. हीच तुमची मूळ प्रत.

नंतर मजकूर युनिकोडमध्ये. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. 'कि'मधली वेलांटी आधी आणि क नंतर. 'सर्व'मधला रफार सगळ्यात शेवटी. युनिकोडमध्ये वेलांटी व्यंजनानंतर येते आणि रफाराचा र् व्यंजनाच्या आधी. जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर ही उलटापालट करतात आणि तिथेच चुकतात. 'वाऱ्यानं', 'तुझ्या', 'गर्दी', अशा शब्दांवर नजर ठेवा. पूर्ण पुस्तक फिरवण्याआधी याच शब्दांचं एक पान करून कन्व्हर्टरला द्या.

आणि स्पेलचेक बंद! नाहीतर बाईंचं 'हुता' कोणाच्या नकळत 'होता' होईल.

माडीवरची

सगळ्यांचे मनापासून आभार. डिस्क कॉपी झाली. व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक्सपी बसलं, त्यात पेजमेकरचा सेटअप विनातक्रार चालला. फॉन्टच्या टीटीएफ फायली जुन्या फोल्डरमध्ये होत्या. पहिल्यांदा ती पॅनोजची खिडकी आलीच, शीर्षकाचा एक फॉन्ट राहिला होता. तो टाकल्यावर पुस्तक जसंच्या तसं उघडलं, प्रत्येक ओवीखालच्या गावाच्या नावासकट. पीडीएफ करून बाईंना पाठवली आहे. त्यांनी नातवाकडून मोठ्या अक्षरात छापून घेतली आणि दुरुस्त्या सुरूही केल्यात.

१०२० काजळीकाठ यांनी सांगितलं तसाच लागला.

आता कन्व्हर्टर. चाचणीच्या पानावर वेलांटी आणि रफार बरोबर आले, पण 'वाऱ्यानं'मधला अर्धा र सगळीकडे गळतोय आणि त्या जागी रिकामी जागा येतेय. हे नंतर शोधा-बदला करून सुधारता येईल, की कन्व्हर्टरच्या तक्त्यात त्या चिन्हाचा कोड घालायचा असतो?

मुद्रितशोधक

तक्त्यातच घाला. शोधा-बदलाने खऱ्या रिकाम्या जागाही बदलतील. जुन्या मजकुरातलं ते चिन्ह वर्डमध्ये पेस्ट करा, त्याच्या लगेच पुढे कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स दाबा, त्याचा कोड दिसेल. तो तक्त्यात टाकून समोर र, नुक्ता (अक्षराखालचा टिंब) आणि हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) अशी तीन चिन्हं द्या. मग तेच चाचणीचं पान पुन्हा फिरवा आणि निकाल इथे टाका, मी प्रूफ वाचून देतो.