पोरं कशी निघतात – आईबापांमुळे की परिस्थितीमुळे?

धागाकर्ता: काल पार्किंगमध्ये शेजारचा पाच वर्षांचा पोरगा वॉचमनकाकांना बोट दाखवून म्हणतो, "ए, बॉल काढ तिकडून." बाप शेजारीच मोबाईलवर, मान पण वर केली नाही. आणि तोच टोन, तेच बोट मी बापाचं रोज बघतो, पार्सलवाला आला की. माझं मत सरळ आहे, पोरं घरातूनच उचलतात सगळं, उगाच शाळेच्या नावाने खडे फोडू नका.

वाकडतोंड्या: संध्याकाळी सहाला घरी टेकणाऱ्यांनी हे बोलावं. हिंजवडीतून निघून भूमकर चौक पार होईपर्यंत लेक झोपलेली असते, बायकोचा कॉल चालू. कधी घडवू तिला? तो लहान पोरांसमोर मार्शमॅलो, म्हणजे मऊ गोड वडी, ठेवायचा प्रयोग आठवतो ना, स्टॅनफर्डवाला, आत्ता खाल्लंस तर एक, थांबलास तर दोन, आणि थांबणारी पोरं म्हणे पुढे चमकतात. 2018 ला 900 हून जास्त मुलांची माहिती घेऊन परत तपासलं, तर घरची कमाई नि आईचं शिक्षण हिशोबात धरल्यावर फरक बराचसा उडाला. पॅरेंटिंग वर्कशॉपवाले एवढंच सांगत नाहीत.

पेठेतला: दोघंही चूक. अमेरिकेत मिनेसोटात 1979 पासून वेगवेगळ्या घरांत वाढलेली एकसारखी जुळी तपासली, स्वभावात जवळपास तेवढीच सारखी निघाली जेवढी एकत्र वाढलेली असतात. म्हणजे खेळ जनुकांचा. तेव्हा पोरगा दहावीला चमकला की पेढे वाटताना "आम्ही घडवला" म्हणू नये, एवढी विनंती.

अंगणवाडीताई: वाकडवाले दादा, तुमची परिस्थिती म्हणजे ट्रॅफिक हो. पर्वती पायथ्याला या एकदा. एक आई चार घरची धुणीभांडी करून येते, पोराला न्यायला आली की दारातच विचारते, आज ताईंनी काय गाणं घेतलं, ते पोरगं वर्गात तोंड मिटत नाही. दुसरीकडे दोन पैसे जास्त येतात पण नवरा पिऊन मारतो. तिची मुलगी भिंतीला चिकटून बसते, खिचडीचं झाकण पडलं तरी कानावर हात. आणि तो नवरा पण, काम असलं की बरा असतो, गेलं की हात उठतो. आता यात वागणं कुठलं नि परिस्थिती कुठली, तुम्हीच वेगळं काढून दाखवा.

धागाकर्ता: ताई, मुद्दा पटला, पण पेठेतल्यांना सोडत नाही. तुमच्या जुळ्यांना निदान घर तरी मिळालं होतं! रोमानियात बुखारेस्टच्या अनाथाश्रमांतली 136 मुलं घेतली, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी सांभाळायला तयार असलेल्या कुटुंबांत पाठवली, बाकीची नेहमीसारखी संस्थेत. घरात गेलेल्यांचा बुद्ध्यांक वर गेला, साधारण दोन वर्षांच्या आत गेली त्यांचा जास्त. जनुकं काय वाटेत बदलली?

पेठेतला: टोकाचं उदाहरण आहे. सदाशिव पेठेत अनाथाश्रमासारखं कोण वाढवतं? (काही काका आठवले, असो.)

वाकडतोंड्या: अरे पण जवळ घ्यायला माणूस घरी तर हवं! आईला 2017 पासून 26 आठवडे रजा झाली, तीही नोकरीचा कागद असेल तर, खाजगीतल्या बापाला कायद्याने एक दिवस नाही.

अंगणवाडीताई: आमच्या बायकांना कुठली रजा, दोन महिन्यांत कामावर, बाळ थोरलीकडे. थोरली म्हणजे आठ वर्षांची, तिची शाळा गेली. आणि तुम्ही म्हणता ते दोन वर्षांच्या आतलं वय तर आमच्याकडे बसतच नाही, तीन वर्षांपुढची मुलं येतात, त्याखालच्यांना आम्ही आहाराची पाकिटं घरी देतो. ती न्यायला पण थोरलीच येते.