१६४० च्या पॅरिश रजिस्टरात मुलगा आईबापाच्या लग्नाआधीच जन्मलाय?

लेकीची_आई: रिटायर झाल्यापासून जावयाच्या घराण्याची वंशावळ लावतेय, घराणं इंग्लंडातल्या सफोकचं, १७१० पर्यंत सरळ मागे जाता आलं आणि मग गाडी अडली. गावच्या चर्चच्या रजिस्टरात जॉनचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १६४० आणि त्याच्या आईवडिलांचं लग्न मे १६४०. बरं, झालं असेल तसं, आपण कोण बोलणार. पण जानेवारी १६४१ ला त्याच बापाच्या ‘जोहानेस’ (म्हणजे जॉनच) नावाच्या मुलाचं दफन लिहिलंय लॅटिनमधे, आणि आमची लाइन येते ती १६७० ला त्याच गावात लग्न केलेल्या जॉनपासून. मेलेला माणूस लग्न कसं करेल? त्यात १६४३ नंतर रजिस्टर जवळजवळ कोरं. कोणी केलंय का असलं काम?

जुनी_कागदं: ताई, त्या बिचाऱ्यांना उगाच बदनाम करू नका 🙂 इंग्लंडात १७५१ पर्यंत नवं साल २५ मार्चला लागायचं. त्यामुळे १६४० चा फेब्रुवारी हा मे १६४० च्या नंतर येतो, आपल्या हिशोबाने तो १६४१. मोजा, नऊ महिने भरतात. वहीत १६४०/४१ असं दोन्ही लिहा. मी याच चुकीने अख्खी एक पिढी वाकडी लावली होती, दोन वर्षांनी कळलं.

अवली: म्हणजे दफनही १६४२ चं. बाळ वर्षाचंही नव्हतं. गेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला ठेवायची पद्धत तेव्हा सर्रास होती, म्हणून १६७० चा जॉन बहुतेक पाठचा भाऊ. पुरुषांची लग्नं तेव्हा सत्ताविशी-अठ्ठाविशीत व्हायची, ते वयही जुळतं. बहुतेक म्हणतोय कारण गावात जॉन, विल्यम, थॉमस पैशाला पासरी असायचे, चुलत घरातला निघाला तर पंचाईत. आणि नेमकं तिथेच रजिस्टर कोरं, कारण १६४२ ला यादवी युद्ध पेटलं, कितीतरी पाद्री हाकलले गेले, पुढे १६५३ ला नोंदी सरकारी रजिस्ट्रारकडे दिल्या त्यातल्याही बऱ्याच गायब. एरवी म्हटलं असतं बिशपकडे दरवर्षी जाणारी नक्कल बघा, १५९८ पासून तसा नियमच होता, पण १६४६ ला बिशपच रद्द केले तर नक्कल पाठवणार कोणाला! बापाचं मृत्युपत्र शोधा. १६५३ ते १६६० इंग्लंड-वेल्सचं सगळं प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र मंजूर करून घेणं, लंडनच्या एकाच कोर्टात व्हायचं, त्यामुळे खेड्यातल्या साध्या शेतकऱ्याचंही तिथे सापडतं. लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्हजमधे, प्रॉब ११ सिरीज. त्यात ‘मुलगा जॉन २१ चा झाल्यावर’ असं काही असलं तर जिंकलात, म्हणजे पाठचा जॉन खरंच होता.

पानपलट: जरा थांबा, ताई इंडेक्स (कोणीतरी नोंदी उतरवून केलेली यादी) बघताय की मूळ पानाचा फोटो? इंडेक्सवाल्यांनी कुठे साल आधीच बदललेलं असतं कुठे नसतं, त्यात तुम्ही परत एक वाढवलं की झालाच घोळ. आणि मृत्युपत्रात ‘मदर-इन-लॉ’ दिसलं तर लगेच सासू धरू नका, सावत्र आईलाही तेच म्हणायचे. ‘कझिन’ तर पुतण्या, भाचा, कोणीही.

लेकीची_आई: फोटोच आहे. मार्चच्या मधेच नव्या सालाचं हेडिंग दिसलं होतं, मी म्हटलं पाद्रीबुवा वेंधळे असणार 🙈 प्रॉब ११ मधे आडनावाची चार स्पेलिंगं घालून पाहिली, चौथ्याने १६५७ चं एक मृत्युपत्र दिलं, गाव तेच! पण अक्षर देवा रे, ‘जॉन’ सोडून काही लागत नाही.

जुनी_कागदं: ती कोर्टाच्या कारकुनांनी केलेली नक्कल असते, वळण साधारण सारखंच, एक वाचता आलं की पुढची जमतात. जुनं अक्षर वाचायचा धडा अर्काइव्हजच्याच साइटवर फुकट आहे. तोवर पान इथे टाका, ‘जॉन’च्या पुढचा शब्द कोणता ते बघू.