‘बेरोजगार’ म्हणजे नक्की कोण?

प्रश्न : २०२३-२४मध्ये देशातला बेरोजगारीचा दर ३.२ टक्के होता असं वाचलं. आमच्या आळीत तर एमपीएससीचा अभ्यास करत घरी बसलेली पोरं पैशाला पासरी आहेत. मग हा आकडा ‘बेरोजगार’ नेमका कोणाला म्हणतो?

प्रतिसाद : हा आकडा केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणातला (पीएलएफएस). तिथे बेरोजगार म्हणतात ज्याला काम नाही, पण ते शोधतोय किंवा मिळालं तर लगेच करायला तयार आहे, त्याला. काम करणारे आणि हे बेरोजगार मिळून होतं ‘श्रमबल’, आणि टक्केवारी त्या श्रमबलातली असते, लोकसंख्येतली नव्हे. परीक्षा होईपर्यंत दुसरं काही करणार नाही म्हणणारा मुलगा श्रमबलाच्याच बाहेर जातो. तो बेरोजगारही नाही.

आता हाच मुलगा वर्षातून महिनाभर वडिलांच्या किराणा दुकानात बसला असं धरा. पगार शून्य. तरी तो ‘रोजगारात’! कारण ३.२चा आकडा ‘नेहमीच्या स्थिती’चा, म्हणजे वर्षभराच्या कामावरून काढलेला आहे आणि तिथे मागच्या ३६५ दिवसांत ३० दिवसांचं दुय्यम कामही चालतं. घरच्या धंद्यातली बिनपगारी मदत स्वयंरोजगारात मोजतात. याच सर्वेक्षणातल्या दुसऱ्या मोजणीत, साप्ताहिक स्थितीत, मागच्या सात दिवसांत एखाद्या दिवशी तासभर काम केलं असलं तरी पुरतं. मात्र तिथे आधीच्या महिन्यांतलं काम उपयोगी पडत नाही, म्हणून त्याच वर्षाचा साप्ताहिक दर ४.९ टक्के निघाला.

प्रश्न : तासभर? मग रोजगार हा शब्दच कशाला वापरायचा!

दुसरा प्रतिसाद : बोलीतला रोजगार म्हणजे पोट भरण्याचं साधन, सर्वेक्षणातला म्हणजे केलेलं काम. तासाची अट आंतरराष्ट्रीय मोजणीतही आहे, त्यामुळे लबाडी म्हणवत नाही. मला खटकतं ते वेगळंच. गिऱ्हाइकाचं ब्लाउज शिवणारी बाई कामकरी, पण घरच्यांचे कपडे शिवणारी, रानातून सरपण आणणारी ‘घरकाम’ या रकान्यात, म्हणजे श्रमबलाबाहेर. त्यांच्यासाठी वेगळा संकेतांक आहे, ९३. म्हणजे नोंद होते, पण रोजगारात गणती नाही.

आणि जनगणनेचे शब्द इथे मिसळू नका. तिथे सहा महिने किंवा जास्त काम केलेला ‘मुख्य’, त्याहून कमी केलेला ‘सीमांतिक’. एमपीएससीच्या उत्तरपत्रिकेत जनगणना आणि सर्वेक्षण या दोन्हींच्या शब्दांची खिचडी सर्रास होते.