'स्वॅप काढून टाक' हा सल्ला आता थांबवा

रात्रपाळी
नमस्कार मंडळी. लिनक्स सर्व्हर मंदावला की सल्ला ठरलेला: स्वॅप (रॅम अपुरी पडली की मेमरीची पानं, म्हणजे तुकडे, ठेवायची डिस्कवरची जागा) काढून टाक, नाहीतर स्वॅपिनेस (कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, स्वॅपकडे किती वळायचं तो आकडा) ६० वरून शून्यावर आण. चार वर्षं मीही हेच सांगत आलो. मागच्या महिन्यात अद्दल घडली.

१६ जीबीचं मशीन, स्वॅप बंद. रात्री पावणेदोनला अलर्ट आला. एसएसएचने (दुरून लॉगिन करून) आत शिरायलाच तीन-चार मिनिटं गेली. लोड (चालू आणि खोळंबलेल्या कामांचा आकडा) शंभराच्या वर. व्हीएमस्टॅट या कमांडमध्ये एसआय, एसओ हे स्वॅपचे रकाने शून्य, पण बीआय भरभरून वाहतोय, म्हणजे डिस्कवरून वाचन अखंड चालू. स्वॅपच नाही, तर वाचतंय काय?

चालू प्रोग्रॅमचा कोड! कर्नलला जागा करायची असते तेव्हा त्याच्यासमोर दोन ढीग असतात. एक फाइलींमधून आलेल्या पानांचा. ती टाकली तरी डिस्कवरून परत आणता येतात. दुसरा प्रोग्रॅमने स्वतः मागून घेतलेल्या मेमरीचा. ती हलवायची तर स्वॅप हवाच. तो नसला की सगळा भार पहिल्या ढिगावर. पान टाकलं, लगेच तेच लागलं, परत वाचलं. पानं सुटतायत म्हणून कर्नलला वाटतं काम होतंय, आणि ओओएम किलर (मेमरी संपली की एखादी प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) येतच नाही. आमच्याकडे तो वीसेक मिनिटांनी आला. तोवर सगळे ग्राहक ताटकळत. आता २ जीबी स्वॅप ठेवलाय.

हीपवाला
अजिबात सहमत नाही. तुमचं दुखणं मेमरी कमी असण्याचं आहे, खापर स्वॅप नसण्यावर फोडताय. आमच्याकडे जावाची सर्व्हिस आहे. रात्री बॅकअप सगळ्या फाइली वाचतो, कॅश (वाचलेल्या फाइलींची रॅममधली प्रत) फुगतो, आणि कर्नल निवांत पडलेला हीप (जावाची कामाची मेमरी) स्वॅपमध्ये ढकलतो. सकाळी गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी मोकळी करणारा जावाचा भाग) पूर्ण हीप चाळायला निघतो आणि प्रत्येक पान डिस्कवरून ओढत बसतो, तोवर सर्व्हिस थांबलेली. एरवी अर्ध्या सेकंदाचा थांबा ४० सेकंदांवर गेलेला मी स्वतः लॉगमध्ये पाहिलाय. क्लस्टरने (एकत्र काम करणाऱ्या मशीनच्या गटाने) ते मशीन मेलं असं समजून बाहेर काढलं. त्यापेक्षा प्रोसेस पटकन मेलेली परवडते, दुसरं मशीन काम उचलतं. कुबरनेटीस हे अनेक मशीनवर सर्व्हिसेस चालवणारं सॉफ्टवेअरसुद्धा वर्षानुवर्षं स्वॅप चालू असेल तर सुरूच व्हायचं नाही, ते उगाच नव्हतं.

विदागारवाली
'पटकन मेलेली परवडते' हे डेटाबेसला लावू नका हो. पोस्टग्रेस या डेटाबेसची एक बॅकएंड प्रोसेस (एका कनेक्शनचं काम करणारी) ओओएमने मारली की मुख्य प्रोसेस बाकी सगळी कनेक्शनंही तोडते आणि रिकव्हरी सुरू होते.

आणखी एक खड्डा. ओओएम नको म्हणून ओव्हरकमिट मेमरी (आहे त्यापेक्षा जास्त मेमरी कबूल करायची का, हे ठरवणारी कर्नलची सेटिंग) २ करतात. तसं केलं की कर्नल मेमरी देण्याची मर्यादा ठरवतो: पूर्ण स्वॅप, आणि त्यात रॅमचे ५० टक्के, कारण ओव्हरकमिट रेशो मुळात ५० असतो. स्वॅप काढलेल्या १६ जीबीच्या मशीनवर हाती उरतात ८. फ्री कमांड मोकळी मेमरी दाखवतेय आणि डेटाबेस 'मेमरी नाही' म्हणून ओरडतोय, अशा कोड्यात एका सहकाऱ्याची पूर्ण दुपार गेली. उत्तर प्रॉक-मेमइन्फो या फाइलीतल्या कमिटलिमिटच्या ओळीत होतं.

रात्रपाळी
@हीपवाला, ४० सेकंदांचा थांबा खराच, मी नाकारत नाही. पण त्यासाठी सगळ्या मशीनचा स्वॅप का काढायचा? त्या एकाच सर्व्हिसच्या सिस्टमडी (सर्व्हिसेस चालवणारी लिनक्सची यंत्रणा) फाइलमध्ये मेमरीस्वॅपमॅक्स (तिने किती स्वॅप वापरायचा ती मर्यादा) शून्य लिहा. तिचा हीप हलणार नाही, बाकीच्यांना वाट राहील. आणि खरंच अडतंय का ते प्रॉक-प्रेशर-मेमरी या फाइलीत बघा. 'फुल'च्या ओळीतला ॲव्हरेज १० हा आकडा, म्हणजे गेल्या १० सेकंदांत किती टक्के वेळ सगळी कामं मेमरीसाठी खोळंबली. स्वॅप किती भरलाय यापेक्षा हा आकडा मला कितीतरी जास्त सांगतो.

जुना_लॅपटॉप
४ जीबीच्या लॅपटॉपवर झेडरॅम लावा, एवढंच सांगतो. स्वॅप डिस्कवर न जाता रॅममध्येच दाबून बसतो. फेडोराने ३३व्या आवृत्तीपासून तो आपणहून दिलाय. ब्राउझर दहा टॅबला गोठायचा, आता तिसावर चालतो.

हीपवाला
मेमरीस्वॅपमॅक्सला सीग्रुप व्ही२ (प्रोसेसच्या गटांवर मर्यादा घालणारी कर्नलची सोय) लागतो. प्रेशरची फाइल कर्नल ४.२० मध्ये आली. आमची निम्मी मशीनं सेंटओएस ७ या लिनक्सवर आहेत, कर्नल ३.१०. सपोर्ट जून २०२४ मध्ये संपला, तरी ग्राहक हलत नाही. तिथे तुमचं एकही औषध चालत नाही. मग मी काय करू?

रात्रपाळी
हे मात्र मान्य, माझं लक्ष नव्या कर्नलवरच होतं. तिथे हीप एमलॉकने रॅममध्ये खिळवून ठेवा. इलॅस्टिकसर्च, कसँड्रा ही जावातली सॉफ्टवेअरं हेच करतात. सर्व्हिसची मेमलॉक मर्यादा (किती मेमरी अशी खिळवता येते ती) मात्र वाढवावी लागेल. स्वॅप थोडासा राहू द्या, स्वॅपिनेस १. शून्य नको: कर्नल ३.५ पासून शून्याचा अर्थ 'जवळजवळ कधीच नाही' असा झालाय, म्हणजे माझ्या त्या रात्रीची तयारी.

हीपवाला
एमलॉक एका मशीनवर लावून बघतो. स्वॅप काढण्याबद्दल माझं मत अजून तेच आहे. रविवारचा बॅकअप झाला की सोमवारी सकाळचा गार्बेज कलेक्टरचा लॉग इथे टाकतो.